आमदारांचा आठवडा : भेट, अर्ज आणि हिशेब

(बी. ए. भाग २, राज्यशास्त्र)

लोकशाहीत निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते. राज्यकारभार मात्र रोज चालतो. मतदार आणि त्याने निवडून दिलेला प्रतिनिधी यांचा संबंध मतदानकेंद्रापाशी सुरू होत असला तरी तो तेथेच संपत नाही, संपता कामा नये. मग मधल्या पाच वर्षांत हा संबंध टिकतो तरी कशाने? आपल्याकडे त्याचे उत्तर एका शब्दात देता येईल : दौऱ्याने. शनिवार-रविवारचा दौरा, संपर्क कार्यालयातील गाठीभेटी, भूमिपूजने, सत्कार, लग्ने, सांत्वनाच्या भेटी, आणि या सर्वांचे वर्तमानपत्रांतून, फलकांवरून व आता मोबाईलवरून दर आठवड्याला पसरणारे वृत्त.

आमच्या अभ्यासाच्या पुस्तकांत विधिमंडळाची रचना आहे, अध्यक्षांचे अधिकार आहेत, विधेयकाची वाचने आहेत. पण आमदाराच्या आठवड्याविषयी फारसे काही नाही. वस्तुतः खेड्यातील माणसाला शासन भेटते ते याच आठवड्यात. म्हणून शाहूवाडी मतदारसंघ डोळ्यांपुढे ठेवून या विषयाचा विचार करण्याचे योजिले आहे. हे कोणा व्यक्तीचे वा पक्षाचे गुणगान नव्हे आणि निंदाही नव्हे. मी निरनिराळ्या पक्षांच्या लोकप्रतिनिधींची संपर्क कार्यालये पाहिली. सगळीकडचे चित्र थोड्याफार फरकाने सारखेच आहे. दोष असेल तर तो रीतीत आहे.

‘दरबार’ हा शब्द

प्रथम शब्दाचाच विचार करू. लोकप्रतिनिधी लोकांची गाऱ्हाणी ऐकतो त्या बैठकीला आपण ‘जनता दरबार’ म्हणतो. दरबार राजाचा असतो. तेथे प्रजाजन अर्ज घेऊन जातो; मिळाले तर कृपा, न मिळाले तर नशीब. हा शब्द आमच्या भागात सहज रुळला याला इतिहास आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. तोवर येथील माणूस नागरिक नव्हता, रयत होता. शिवाय मलकापूर हे विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे. म्हणजे जहागिरीतील माणसाच्या डोक्यावर एक नव्हे, दोन सत्ता : आधी जहागीरदार आणि त्यांच्याही वर करवीर दरबार. ही सवय एका पिढीत जाणारी नव्हती.

पण त्याच करवीरच्या गादीवर असा एक राजा होऊन गेला, की ज्याचे उदाहरण लोकशाहीतील आमदारालाही मार्गदर्शक ठरावे. राजर्षी शाहू महाराज रयतेत मिसळत, तिची दुःखे ऐकत, हे आपण सर्व जाणतो. परंतु ते ऐकून थांबले नाहीत. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. दारात आलेल्या एका मुलाची फी भरणे ही दया होय. कोणाही मुलाला फीसाठी दारात यावे लागू नये अशी व्यवस्था करणे हा राज्यकारभार होय. माझ्या मते आमदाराच्या आठवड्याचे मोजमापही याच कसोटीवर झाले पाहिजे.

प्रतिनिधी कशासाठी?

हा वाद जुना आहे. इंग्रज विचारवंत एडमंड बर्क याने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांपुढे सांगितले, की प्रतिनिधीने मतदारांना आपली विवेकबुद्धीही दिली पाहिजे, केवळ त्यांची आज्ञा पाळून भागत नाही. विचार थोर खरा. पण बर्क ब्रिस्टलला फारसा फिरकत नसे, आणि १७८० साली मतदारांचा पाठिंबा उरला नाही हे पाहून त्याला तेथून माघार घ्यावी लागली. तात्पर्य, लोकांत न मिसळणारा प्रतिनिधी कितीही विद्वान असला तरी टिकत नाही. त्याच्या उलट, केवळ लोकांत मिसळणारा आणि सभागृहात मौन धरणारा प्रतिनिधी टिकतो. पण त्याच्या टिकण्याचा लोकांना उपयोग काय?

आपल्या राज्याची विधानसभा २८८ सदस्यांची. वर्षातून तीन अधिवेशने होतात : अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचे हिवाळी. तेथे सदस्याच्या हाती मोठी आयुधे असतात. तारांकित प्रश्न विचारला तर मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर लक्षवेधी सूचना देता येते. याशिवाय अर्धा तास चर्चा आहे, अर्थसंकल्पावरील कपात सूचना आहे. ही आयुधे सरपंचापाशी नाहीत, जिल्हा परिषद सदस्यापाशी नाहीत, तहसीलदारापाशीही नाहीत. ती फक्त आमदारापाशी आहेत.

महाराष्ट्राने पंचायत राज्य स्वीकारले तेव्हा ही विभागणी मुद्दाम केली होती. १९६० साली वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत स्थान असू नये, अशी शिफारस केली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या काम करू लागल्या. गावचा रस्ता, शाळेची खोली, पाण्याची विहीर हे जिल्हा परिषदेने पाहावे आणि कायदा व अंदाजपत्रक आमदाराने, असा त्यामागचा हेतू.

पुढे हा हेतू मागे पडला. त्याला स्थानिक विकास निधीने हातभार लावला. खासदारांचा निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला. आमदारांचाही निधी वाढत वाढत २०२२ साली वर्षाला ५ कोटी रुपये झाला. वास्तविक हा पैसा आमदाराच्या हाती येत नाही. तो काम सुचवितो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात आणि काम शासनाची यंत्रणा करते. पण फलकावर नाव कोणाचे येते, हे सांगण्याची गरज नाही. भरीस भर म्हणजे मार्च २०२२ पासून पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ कोल्हापूर जिल्हा परिषदेवर व पंचायत समित्यांवर निवडलेले सदस्यच नव्हते. प्रशासक कारभार पाहत होते. साहजिकच गटाराच्या तक्रारीपासून शाळेच्या कौलापर्यंत सर्व भार आमदाराच्या दारात येऊन पडला.

आमचा मतदारसंघ

शाहूवाडी मतदारसंघाचा भूगोल ज्याने पाहिला नाही त्याला दौरा म्हणजे काय हे समजणार नाही. २००९ पूर्वी पन्हाळा हा स्वतंत्र मतदारसंघ होता. पुनर्रचनेनंतर शाहूवाडी तालुका आणि पन्हाळ्याचा मोठा भाग मिळून एक मतदारसंघ झाला. एका टोकाला कोडोली-वारणानगरचा उसाचा सुपीक पट्टा, तर दुसऱ्या टोकाला आंबा, विशाळगड, अणुस्कुरा ही सह्याद्रीची धार. उत्तरेकडे शित्तूर-वारुण, उखळू ही चांदोलीच्या जंगलाला लागून असलेली गावे. मध्ये वारणा, कडवी, कासारी या नद्यांची खोरी आणि खोऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या वाड्या व धनगरवाडे. कित्येक वाड्यांवर पावसाळ्यात चिखल तुडवीतच जावे लागते. आणि येथून मुंबई चारशे किलोमीटरांच्या आसपास.

अधिवेशन असले की आमदार मुंबईत किंवा नागपुरात. सुट्टीच्या दिवशी मतदारसंघात. अधिवेशन नसले तरी आठवड्यातले दोन-तीन दिवस मंत्रालय, जिल्हाधिकारी कार्यालय, आढावा बैठका यांत जातात. उरलेल्या दिवसांत सकाळी कार्यालयात गर्दी, दुपारी भूमिपूजने, सायंकाळी लग्ने आणि रात्री कोणाच्या तरी घरी सांत्वनाची भेट. शहरातील लोक लग्नांना व दुखवट्याला जाणाऱ्या पुढाऱ्यांची थट्टा करतात. मला ती थट्टा पटत नाही. दुःखात कोण आले होते हे खेड्यातला माणूस विसरत नाही आणि ते चूकही नाही. शिवाय २०१४ सालच्या निवडणुकीत याच मतदारसंघात श्री. सत्यजित पाटील-सरूडकर हे श्री. विनय कोरे यांच्यावर अवघ्या ३८८ मतांनी विजयी झाले होते. पुढे २०१९ व २०२४ साली श्री. कोरे निवडून आले. जेथे ३८८ मतांनी आमदार ठरतो तेथे एक वाडी चुकविणेही कोणा उमेदवाराला परवडणारे नाही. दौऱ्यामागे प्रेम किती व गणित किती हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे. गणितापोटी का होईना, आमदार वाडीवर येतो हा लोकशाहीचाच गुण आहे. जहागीरदाराला असे गणित कधी करावे लागत नव्हते.

लोक काय मागतात?

आमच्या वाडीत कॉलेजपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. त्यामुळे अकरावीपासून वाडीचे अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ते अर्ज घेऊन लोकांबरोबर कार्यालयांतून बसण्याचे प्रसंगही पुष्कळ आले. या अनुभवावरून अर्जांचे तीन प्रकार पडतात असे मला वाटते.

पहिला प्रकार हक्काचा. रेशनकार्डात नाव घालणे, सातबाऱ्यावरील चूक दुरुस्त करणे, जातीचा दाखला, निराधार योजनेचे अनुदान. या गोष्टी देण्यासाठी अधिकारी नेमलेले आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित झालेल्या सेवा ठराविक मुदतीत मिळाल्या पाहिजेत. न मिळाल्यास अपील करता येते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला आणि तिसऱ्या सोमवारी तालुक्याला लोकशाही दिन असतो. येथे आमदाराची गरज नाही. तरीही गर्दी सर्वांत जास्त ती यांचीच.

दुसरा प्रकार गावाच्या कामाचा : रस्ता, साकव, समाजमंदिर, शाळेची खोली. यासाठी निधी सुचविणे हे आमदाराचे काम आहे, पण ते त्याच्या एकट्याचे नव्हे. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांचाही तो विषय आहे.

तिसरा प्रकार नियमाचा. एक उदाहरण देतो. चांदोलीच्या बाजूने गवे उतरतात आणि रात्रीत भाताचे, उसाचे शिवार तुडवितात. पंचनामा वनखाते करते. पण भरपाईचा दर शासन निर्णयाने ठरतो. तो दर सरपंच बदलू शकत नाही, वनरक्षक बदलू शकत नाही, तहसीलदारही नाही. दुसरे उदाहरण पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यानंतर केंद्र सरकारने एकामागून एक मसुदे काढले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला. या मसुद्यांत आमच्या तालुक्यातील गावे आहेत. आपले गाव त्यात आहे काय, असल्यास काय करता येईल व काय नाही, हे वाडीवरच्या माणसाला कोणी समजावून सांगितलेले नाही. वास्तविक मसुद्यावर हरकती व सूचना पाठविण्याचा त्याला अधिकार होता. हे खरे आमदार-खासदारांचे प्रश्न. आणि नेमके याच प्रकारचे अर्ज सर्वांत कमी येतात.

असे का होते, ते एका प्रसंगाने स्पष्ट होईल. वाडीतील एका म्हातारीचे निराधारचे अनुदान हयातीच्या दाखल्यावाचून थांबले होते. ती तालुक्याला तीन खेपा घालून आली. शेवटी एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयातून फोन गेला आणि पैसे सुरू झाले. “साहेबांच्या पुण्याईनं झालं बघ बाळा,” असे ती मला म्हणाली. तिचा आनंद खोटा नव्हता आणि फोन करणाऱ्याचा चांगुलपणाही खोटा नव्हता. परंतु त्याच कारणाने शेजारच्या वाडीवरील दोघींचे अनुदान थांबले होते, ते थांबलेलेच राहिले; कारण त्यांना कार्यालयापर्यंत नेणारे कोणी नव्हते. फोनने एकीचे काम झाले. ‘चालता न येणाऱ्या वृद्धांचा हयातीचा दाखला गावातच का घेतला जात नाही?’ असा प्रश्न सभागृहात विचारला गेला असता तर कदाचित सगळ्यांचेच झाले असते. हक्काची गोष्ट कृपा म्हणून मिळाली, की ज्याची ओळख आहे त्यालाच ती मिळते. धनगरवाड्याची ओळख सर्वांत कमी, म्हणून त्याचा क्रम सर्वांत शेवटी.

अन्यत्र काय चालते?

ब्रिटनमध्ये पार्लमेंटचे सदस्य आपल्या मतदारसंघात ठराविक दिवशी, बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी, लोकांना भेटतात. या भेटीला तेथे डॉक्टरच्या दवाखान्यावरून ‘सर्जरी’ म्हणतात. नाव दरबारापेक्षा किती वेगळे! एकाच्या मनात राजा आहे, दुसऱ्याच्या मनात वैद्य. ही प्रथा तेथील सदस्यांना प्राणांहून प्रिय आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. जो कॉक्स या महिला सदस्याची १६ जून २०१६ रोजी अशाच भेटीला जाताना हत्या झाली; डेव्हिड अमेस यांची १५ ऑक्टोबर २०२१ रोजी भेट चालू असतानाच झाली. तरीही ही प्रथा बंद पडली नाही.

आपल्या देशात केरळचे ओमन चंडी यांचे उदाहरण आहे. पुथुपल्ली या एकाच मतदारसंघातून ते १९७० पासून २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सतत आमदार होते. दोनदा मुख्यमंत्रीही झाले. रविवारी ते आपल्या गावी लोकांना भेटत, हे तेथे सर्वश्रुत होते. मात्र मुख्यमंत्री असताना त्यांनी भरविलेल्या जनसंपर्क मेळाव्यांवर टीकाही झाली : जे काम तलाठ्याच्या पातळीवर व्हावयास हवे त्यासाठी हजारो लोकांना मुख्यमंत्र्यांपुढे रांग का लावावी लागावी?

महाराष्ट्रात सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे नाव घ्यावेच लागेल. शेतकरी कामगार पक्षाचा हा नेता १९६२ साली प्रथम निवडून आला आणि एकूण अकरा वेळा आमदार झाला. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा एसटीचा प्रवास आणि साधेपणा यांचे पुष्कळ कौतुक होते. पण दुष्काळी भागाच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी सभागृहात वर्षानुवर्षे लावून धरला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. एसटीत बसून ऐकलेले गाऱ्हाणे विधानसभेपर्यंत पोहोचले, हा त्यांच्या साधेपणाचा खरा अर्थ.

साप्ताहिक वृत्त कसे असावे?

आज दर आठवड्याला आमदारांचे वृत्त आपल्या हाती येते. त्यात हार, नारळ, कुदळ आणि हसतमुख कार्यकर्ते असतात. आमदार कोठे गेले हे त्यातून कळते. काय झाले हे कळत नाही. माझी सूचना साधी आहे. या वृत्ताला चार रकाने असावेत.

१. या आठवड्यात कोणत्या प्रकारचे किती अर्ज आले? (अर्जदाराची नावे देऊ नयेत, गरिबी ही फलकावर लावण्याची वस्तू नव्हे.)

२. मागील आठवड्याच्या अर्जांचे काय झाले? जे झाले नाही ते कोणत्या कार्यालयात व कोणत्या कारणाने अडले?

३. विकास निधीतून कोणते काम सुचविले, किती रकमेचे, आणि ते कोठवर आले?

४. अधिवेशन चालू असल्यास कोणते प्रश्न विचारले व मंत्र्यांनी कोणते उत्तर दिले? अधिवेशन नसल्यास पुढच्या अधिवेशनासाठी लोकांकडून कोणते प्रश्न हवेत?

यातील दुसरा व चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. एका आठवड्याच्या वृत्ताने मागच्या आठवड्याला जाब दिला पाहिजे, तरच ते वृत्त. नाहीतर ती जाहिरात. एकाच खात्याविषयी एकाच प्रकारचे अर्ज आठवड्यामागून आठवडे येत असतील, तर तेथे फोन नव्हे, तारांकित प्रश्न हवा, हे आमदारालाही या नोंदीवरूनच कळेल. म्हणजे हा हिशेब लोकांसाठी जितका उपयोगी तितकाच त्यांच्यासाठीही.

यावर कोणी म्हणेल, आमदारांना एवढा वेळ कोठे? त्याचे उत्तर असे, की पहिल्या प्रकारच्या अर्जांची गर्दी हटली तर वेळच वेळ आहे. आणि ती गर्दी हटविणे हे आमदारापेक्षा आपल्या हातात अधिक आहे. विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी बहुतेक जण अशाच वाड्या-वस्त्यांवरून येतात. आपल्या गावात अर्ज लिहिणारे आपणच. तेव्हा अर्ज लिहिताना तो कोणाच्या नावे लिहावयाचा हे आधी पाहावे. हक्काचा असेल तर तो संबंधित अधिकाऱ्याकडे द्यावा, पोच घ्यावी, मुदत वहीत लिहून ठेवावी आणि मुदत टळली की अपील करावे. गावकामाचा असेल तर ग्रामसभेत ठराव मांडावा. नियमच चुकीचा असेल तर मात्र सरळ आमदारांकडे जावे, आणि तेथे मदत मागू नये, प्रश्न मागावा : “साहेब, हे येत्या अधिवेशनात विचाराल का?” उत्तर काय मिळाले ते विधिमंडळाच्या कार्यवृत्तात पाहता येते. ते पाहून वाडीवर वाचून दाखविणे एवढे तरी आपल्याला अशक्य नाही.

आपल्या राज्यशास्त्र विभागाने अशी एक नोंदवही ठेवावी असे मला सुचवावेसे वाटते. आपल्या मतदारसंघाविषयी विधानसभेत कोणता प्रश्न आला, कोणत्या तारखेला, आणि त्याला काय उत्तर मिळाले, इतकेच तीत लिहावे. दर वर्षी नवे विद्यार्थी ती पुढे चालवतील. पाच वर्षांनी निवडणूक येईल तेव्हा कोणाच्या गळ्यात किती हार पडले हे मोजण्याची आपल्याला गरज राहणार नाही. ती वही उघडली की पुरे.